खान्देशातल्या जंगलातल्या धबधब्याला एका दिवसात जाऊन यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुलैचा दुसरा आठवडा लागला की मेसेज सुरू. भाऊ, पाटणादेवीला पाणी आलं का, मनुदेवीला गाडी कुठपर्यंत जाते, पोरांना घेऊन जमेल का, बूट घेऊ की सँडल. दरवर्षी तेच प्रश्न म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आपल्याकडचे धबधबे चालायला सोपे आहेत, दमछाक वगैरे फार होत नाही, पण जवळजवळ प्रत्येक वाट कुठेतरी नाला ओलांडते आणि आपल्याकडचे अपघात होतात ते तिथे आणि कुंडात. त्यामुळे खाली नाल्याबद्दल जरा जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी तेवढं वाचा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

पहिल्यांदाच जातोय, कुठला धबधबा निवडू?

कुठे राहता आणि सोबत कोण आहे यावर आहे.

घरातली वयस्कर मंडळी सोबत असतील, चालणं कमीत कमी हवं असेल तर यावल तालुक्यातली मनुदेवी. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून आडगावच्या बाजूला आत वळायचं, सातपुड्याच्या पायथ्याशी देऊळ आणि देवळाजवळच कड्यावरून पडणारा धबधबा. खान्देशातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे, त्यामुळे दर्शनही होतं, आजीही खुश आणि पोरंही खुश. फक्त रविवारी जाऊ नका, पार्किंगमध्येच अर्धा दिवस जाईल.

धुळेवाल्यांना लळिंग जवळ. मुंबई-आग्रा हायवेला लागूनच किल्ला आणि खाली कुरणात धबधबा. याच कुरणात लांडोर बंगला आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये तिथे थांबले होते, त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी जमते. त्या दिवशी जायचं तर बंगला बघायला जा, धबधबा दुसऱ्या दिवशी.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, तिथली सीताखाईची दरी बघण्यासारखीच आहे, पण शहाद्याकडून घाट चढून जायचं, परत यायचं, जळगावहून एका दिवसात हे करणं म्हणजे दिवसभर गाडीतच. त्याला एक मुक्काम ठेवा.

आणि खरं जंगलातून चालत जायचं असेल तर पाटणादेवी. चाळीसगावहून साधारण अठरा-वीस किलोमीटर, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या पोटात. केदारकुंड आणि धवलतीर्थ असे दोन धबधबे त्या परिसरात आहेत, मी तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला हेच सांगतो, कारण वाट छोटी पण जंगल एकदम खरंखुरं. खालची बरीचशी उत्तरं पाटणादेवी डोळ्यासमोर ठेवूनच लिहिलीत, बाकी ठिकाणी थोडं इकडेतिकडे करून तेच लागू पडतं.

कुठल्या महिन्यात जायचं?

जूनमध्ये नको. पहिला पाऊस पडला की सगळ्यांना वाटतं चला, पण आपली जमीन मार्च ते मे भाजून निघालेली असते, पहिले काही पाऊस ती नुसती पिऊन टाकते आणि धबधब्याच्या जागी ओला कातळ बघायला मिळतो. जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा खरा सीझन. त्यातही मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर, कारण तोवर डोंगर पाणी धरून बसलेला असतो, पाऊस दोन-तीन दिवस उघडला तरी धार चालू राहते आणि पाणी नितळ होतं. नितळ पाणी म्हणजे तळाचे दगड दिसतात, म्हणजे पाय कुठे टाकायचा ते कळतं.

खान्देश पर्जन्यछायेत आहे हे लक्षात ठेवा. कोकण-सह्याद्रीतल्यासारखा चार महिने कोसळणारा धबधबा इथे नसतो. आपल्या धबधब्यांचं पाणलोट क्षेत्र छोटं, त्यामुळे पाऊस पडला की काही तासांत धो-धो आणि पाऊस थांबला की पुन्हा काही तासांत निम्मं. कोणाचे फोटो बघून गेलात आणि तिथे बारीक धार दिसली तर फोटोवाल्याला शिव्या देऊ नका, तो खोटं बोलत नव्हता, त्याचा दिवस वेगळा होता एवढंच.

वार आणि सण पण बघा. श्रावणी सोमवार, पोळा आणि नवरात्र या दिवसांत पाटणादेवीला भाविकांची प्रचंड गर्दी असते. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रविवारी तर प्लॅनच करू नका, निम्मे मित्र रोट खायला गावाला गेलेले असतात आणि उरलेल्यांच्या घरी पाहुणे. मधल्या वारी, मंगळवार-बुधवारी सुट्टी काढता आली तर जंगल अख्खं तुमचं.

पावसाचा अंदाज बघायचा तर नक्की काय बघायचं?

आपण चूक करतो ती अशी की चाळीसगावचा किंवा जळगावचा अंदाज बघतो. तुमच्या गावात ऊन पडलेलं असेल हो, पण नाल्याला पाणी येतं ते डोंगरमाथ्यावरून. पाटणादेवीचा डोंगर म्हणजे सातमाळा-अजिंठ्याची रांग, त्याचा माथा कन्नडच्या बाजूला. म्हणून कन्नडचा अंदाज बघा. मनुदेवीला जाताना सातपुड्यावर काय चाललंय ते बघा, लांबूनच डोंगरावर काळं दाटलेलं दिसतं.

हवामान खात्याचे अलर्ट जिल्ह्यानुसार येतात. हिरवा असेल तर बिनधास्त, पिवळा असेल तर लवकर जाऊन लवकर परत, ऑरेंज किंवा रेड असेल तर घरी भजी. यात वाद घालायचा नाही. आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला असेल आणि सकाळी लख्ख ऊन असेल तरी जरा दमाने, माथ्यावरचं पाणी अजून उतरत असतं.

ऑगस्ट २०२१ च्या शेवटी काय झालं ते चाळीसगावकर विसरलेले नाहीत. रात्रीतून डोंगरावर पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी आल्या, डोंगरी आणि तितूर नद्यांचं पाणी गावागावांत आणि चाळीसगाव शहरात शिरलं. ही डोंगरी नदी याच पाटणादेवीच्या डोंगरातून येते. एरवी उन्हाळ्यात तिच्यात क्रिकेट खेळता येतं.

किती चालावं लागतं? पोरं आणि आई-बाबा येऊ शकतील का?

देवळापर्यंत गाडी जाते, तिथून पुढे जंगलातली पायवाट. चढ फार नाही, पण वाट सपाट पण नाही, गोटे, मुळं, चिखल, मध्येच नाल्याचं पात्र. फोटो काढत, थांबत, गप्पा मारत गेलात तर जाणं-येणं आणि तिथे बसणं धरून अर्धा दिवस मोकळा ठेवा. सात-आठ वर्षांची पोरं आरामात येतात, मोठ्यांपेक्षा जास्त पळतात खरं तर. अगदी लहान बाळाला कडेवर घेऊन ओल्या दगडांवरून चालणं मला पटत नाही, कारण पडलात तर हात टेकायला मोकळा नसतो.

गुडघेदुखीवाल्यांना देवळाजवळ बसवा. चंडिकादेवीचं मंदिर आहे, जवळच हेमाडपंती महादेव मंदिर आहे, गार वारा आहे, माकडं आहेत, वेळ छान जातो. जबरदस्तीने कोणाला पुढे ओढू नका, अर्ध्या वाटेत "आता नाही जमत" म्हटल्यावर सगळ्यांचाच दिवस जातो.

पोचायचं कसं?

रेल्वेने सगळ्यात सोपं. चाळीसगाव मनमाड-भुसावळ मेन लाईनवर आहे, धुळ्याहून वेगळी ब्रांच लाईन येते. स्टेशनवर उतरून स्टँडवर या, तिथून एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर काळी-पिवळी किंवा रिक्षा ठरवून जा. रिक्षा ठरवताना परतीचं पण तेव्हाच ठरवा, किती वाजता आणि कुठे ते स्पष्ट सांगा, कारण संध्याकाळी तिकडून रिकामी गाडी मिळणं नशिबावर आहे.

स्वतःची गाडी असेल तर रस्ता सोपा. पावसात गावाजवळच्या फरशीवरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जात असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी कार उचलली जाते, बाईक तर त्याआधीच. समोरचा ट्रॅक्टर गेला म्हणून आपणही जाऊ, हा विचार डोक्यातून काढा, ट्रॅक्टरचं वजन बघा आणि आपलं बघा.

संभाजीनगरकडून येणाऱ्यांना कन्नड घाट उतरावा लागतो. पावसात धुकं, दरड, ट्रॅफिक तिन्ही असतं. निघण्याआधी घाट चालू आहे का हे चाळीसगावच्या कोणालातरी फोन करून विचारा.

स्टेशनवर गाडीला वेळ असला तर जवळच केकी मूस यांचं कलादालन आहे, ते बघून घ्या. हा माणूस १९१२ ते १९८९ या काळातला मोठा फोटोग्राफर, चाळीसगावच्या त्या घरात राहूनच त्याने सगळं काम केलं. धबधब्यापेक्षा तेच जास्त आवडलं असं सांगणारे लोक मला भेटलेत.

परवानगी, तिकीट वगैरे?

गौताळा हे १९८६ पासून अभयारण्य आहे, साधारण २६० चौरस किलोमीटर. यावल अभयारण्य तर १९६९ चं. म्हणजे वनखात्याचे नियम लागू. नाक्यावर नोंद करा, जे काय शुल्क असेल ते भरा, पावती घ्या. गाडी नंबर आणि माणसांची संख्या लिहून घेतात त्याचा राग मानू नका, संध्याकाळी तुमची गाडी बाहेर आली नाही तर त्या नोंदीवरूनच शोध सुरू होतो. अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. जोरदार पावसात धबधब्यांवर जायला प्रशासन बंदी घालतं, ती असेल तर नाक्यावरूनच परत फिरा, गार्डशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

शक्यतो गावातला एखादा वाटाड्या सोबत घ्या. पैसे आधी ठरवा आणि नीट द्या. वाट सापडत नाही म्हणून घ्या असं मी म्हणत नाही, नाल्याचं पाणी वाचता येतं म्हणून घ्या. आपल्याला जे पाणी "ठीक आहे" वाटतं ते त्याला आवाजावरून ठीक वाटत नाही, आणि त्याचंच बरोबर असतं.

नाला ओलांडायचा कसा? आणि परत येताना पाणी वाढलेलं असलं तर?

हा खरा प्रश्न, आणि हा विचारणारे फार कमी.

जाताना पाणी घोट्याइतकं असतं म्हणून सगळे हसत-खेळत ओलांडतात. पलीकडे गेलात, धबधब्याखाली दोन तास घालवले, तेवढ्यात वर माथ्यावर अर्धा तास सर कोसळली, तुमच्या अंगावर थेंब नाही. परत येताना तोच नाला मांडीपर्यंत आणि रंग चहासारखा. इथे लोक घाबरतात, अंधार पडेल, गाडी चुकेल, घरचे काळजी करतील असं म्हणून पाण्यात उतरतात. याच्यापुढे काय होतं ते आपण पेपरात वाचतो.

म्हणून पहिलं काम जातानाच करायचं. नाला ओलांडताना काठावरचा एखादा ठळक दगड बघून ठेवा, पाणी त्याच्या कुठपर्यंत आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा. वर बसला असाल तेव्हा अधूनमधून पाण्याकडे लक्ष ठेवा. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलून घुमल्यासारखा झाला, यातली एक जरी गोष्ट दिसली की लगेच बॅगा उचला आणि उंच काठावर या. "पाच मिनिटं थांब, एक फोटो राहिलाय" हे वाक्य तेव्हा बोलायचं नाही. एक म्हातारे आबा त्यांच्या अहिराणीत सांगायचे, पानी गढूय दिखनं का माघारे फिरो भो. बास, एवढंच.

आता समजा परतीला नाला वाढलेलाच आहे. तर बसा. खरंच सांगतो, बसून राहा. वर म्हटलं तसं आपल्या नाल्यांचं पाणलोट छोटं आहे, पाऊस थांबला तर पाणी बहुतेक वेळा दोन-चार तासांत उतरतं. भूक लागेल, ओले व्हाल, डास चावतील, घरी बोलणी बसतील, पण घरी जाल. पात्रात किंवा पात्राच्या कडेला बसू नका, चांगलं उंच बसा.

पाणी गुडघ्याच्या खाली असेल, तळ दिसत असेल आणि पुढे लगेच धार किंवा खोल डोह नसेल तरच ओलांडायचा विचार करा. बूट काढू नका, अनवाणी पाय घसरतो. बॅगेचे पट्टे सैल करा, कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर बॅग टाकता येईल. हातात जाड काठी, तोंड पाणी येतंय त्या बाजूला, एका वेळी एकच पाय उचलायचा, काठी आणि दुसरा पाय टेकलेले राहिले पाहिजेत. तीन-चार जणांनी एकमेकांचे खांदे धरून एकत्र गेलं तर बरं, जाडजूड माणूस वरच्या बाजूला. अरुंद जागा बघून ओलांडायचा मोह होतो, पण अरुंद जागी पाणी खोल आणि जोरात असतं, रुंद आणि पसरट जागा शोधा. दगडावरून दगडावर उड्या मारणं सिनेमात ठीक. आणि दोर कमरेला बांधून कोणालाही पाण्यात सोडू नका, माणूस घसरला तर तोच दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

कुंडात पोहता येतं का?

माझं उत्तर नाही. पोहता येत असलं तरी नाही.

आपला डोंगर सगळा बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा. वरचा थर कडक, खालचा जरा ठिसूळ, पाणी पडून पडून खालचा थर कोरला जातो आणि कुंड तयार होतं. काठावर दोन फूट असलेलं पाणी एका पावलावर एकदम दोन पुरुष होतं, उतार असा नसतोच. त्यात धार पडते तिथल्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की अंग तरंगत नाही, चांगला पोहणारा पण खाली जातो, आणि पाणी गोल फिरून परत धारेखालीच आणतं. गढूळ असेल तर तळाला काय अडकलंय तेही दिसत नाही, ओंडके, झाडाच्या फांद्या, काहीही.

अगदी धारेखाली उभं राहणं पण टाळा. पाण्यासोबत वरून दगड येतात, आणि वर माथ्यावर गुरं किंवा माकडं असतील तर पाऊस नसतानाही येतात. भिजायचंच असेल तर धारेपासून लांब, पाणी पसरून वाहतं तिथे घोटा-पोटरीभर पाण्यात बसा, मजा तेवढीच येते. दारू पिऊन पाण्याजवळ जाणाऱ्या ग्रुपपासून लांब बसा, त्यांना वाचवायला तुम्हालाच उडी मारावी लागते. कोणी पडलंच तर उडी मारू नका, लांब काठी, ओढणी, दोर, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे असेल ते फेका.

बूट की सँडल?

ज्याचा तळवा ओल्या कातळावर पकड घेतो ते. फॅशनचे पांढरे स्पोर्ट्स शूज शेवाळावर साबणासारखे सरकतात. बाजारात मिळणारे साधे रबरी खाचांचे बूट, शेतात घालतात ते, कधीकधी महागड्या बुटांपेक्षा भारी पडतात. स्लीपर आणि क्रॉक्स नको. नवीन बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. काळा कोरडा दगड धरतो, काळा ओला चमकणारा दगड सोडतो, त्याच्यावर पायच टाकायचा नाही.

बॅगेत काय घ्यायचं?

माणशी दोन लिटर पाणी, कारण नाल्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरतात. मोबाईल आणि पाकीट प्लास्टिकच्या जाड पिशवीत. टॉर्च, लवकर परत येणार असलात तरी. शिट्टी. एक जोड कोरडे कपडे गाडीत ठेवायचे, बॅगेत नाही. पट्टी, बँडेज, डेटॉल, ओआरएस, रोजच्या गोळ्या. पायाला जखम असेल तर ती नीट झाका, साचलेल्या पाण्यातून लेप्टोसारखे आजार जखमेतून शिरतात. छत्री नको, रेनकोट घ्या, हात मोकळे राहिले पाहिजेत. बस.

जेवणाचं काय? तिथेच वरण-बट्टी करता येईल का?

हा प्रश्न फक्त खान्देशातच येऊ शकतो.

नाही करता येणार. अभयारण्यात चूल, शेगडी, गोवऱ्यांचा जाळ काहीच चालत नाही, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, पावसाळा असला तरी. बट्ट्या घरी भाजून, तळून आणा, वरण डब्यात. पण खरं सांगू का, धबधब्यावर वरण-बट्टी खाल्ली की परत कोणी चालत नाही, सगळे आडवे. त्यापेक्षा कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दशम्या दोन दिवस टिकतात, त्या उत्तम. पोरांसाठी मुरमुऱ्यांचा भत्ता. आणि केळी, जळगाव जिल्ह्यात राहून वेफर्सची पाकिटं नेणाऱ्यांची मला कमाल वाटते.

खाणं माकडांसमोर उघडू नका, त्यांना देऊ पण नका. पाटणादेवीची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. कचरा, केळीची सालं धरून, परत आणा. पार्टीच्या बाटल्या फोडणाऱ्यांबद्दल काही लिहीत नाही, लिहिलं तर शिव्याच येतील.

झणझणीत शेवभाजी परत येताना ढाब्यावर. निघताना नको, पोट आणि चढ दोन्ही सोबत सांभाळणं अवघड.

बिबट्या, साप, मधमाशा?

बिबटे आहेत, गौताळ्यात पण आणि सातपुड्यात पण. सातपुड्याच्या बाजूला अस्वलाचंही लक्षात ठेवा. पण दिवसा, चार-सहा माणसं बोलत चालली असतील तर प्राणी आधीच बाजूला होतात, दिसलाच तर नशीब समजा. पळायचं नाही, पोरांना मध्ये घ्यायचं, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे यायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात नसावं, एवढं पाळलं की बास.

सापांची भीती जास्त आणि माहिती कमी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी लक्षात ठेवा. दगडाच्या फटीत, पाल्यात हात घालू नका, बसायच्या आधी जागा काठीने झटका. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मंदिरात किंवा भगताकडे न्यायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-जोडवी काढायची, माणसाला चालवायचं नाही, उचलून गाडीपर्यंत आणि थेट सरकारी दवाखाना. औषध तिथेच असतं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

मधमाशांना मात्र मी जास्त घाबरतो. कड्याला आग्यामोहोळं लटकलेली असतात. धूर, सिगारेट, भडक अत्तर, दगड मारणं, जोरात आरडाओरडा, यातलं काहीही नको. उठल्याच तर तोंड-डोकं कपड्याने झाकून लांब पळत सुटा, पाण्यात उडी मारू नका.

विजा कडाडायला लागल्या तर?

सप्टेंबरच्या दुपारी हे हमखास होतं. सकाळी निघून दुपारी दोनच्या आत परतीला लागायचं ते यासाठीच. दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं आहे, आसपास वीज पडण्याची सूचना देतं, पण जंगलात रेंज नसली तर गप्प. त्यामुळे कान उघडे ठेवा. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही आधीच टप्प्यात आहात. मोकळ्या माथ्यावरून खाली या, एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, पाण्यातून बाहेर या, एकमेकांना चिकटून बसू नका.

रेंज मिळते का? गूगल मॅपवर जाता येईल?

देवळाच्या पुढे रेंजवर भरवसा ठेवू नका. मॅप घरीच ऑफलाईन डाऊनलोड करा, पण तो देवळापर्यंतच वापरा, पुढे तो तुम्हाला गुरांच्या वाटेवर नेईल. घरी कोणालातरी लिहून सांगा, कुठे जातोय, सोबत कोण, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ११२ पोलीस आणि कुठलीही मदत, १०८ ॲम्ब्युलन्स, १९२६ वनखातं. हे नंबर मोबाईलशिवाय कागदावर पण असू द्या.

फक्त मुलींचा ग्रुप आहे, जाऊ शकतो का?

जा की. मधल्या वारी गेलात तर गर्दी नसते पण अगदी शुकशुकाटही बरा नाही, त्यामुळे शनिवारी सकाळी लवकर हा चांगला मध्य. वाटाड्या नाक्यावर विचारून घ्या. कपडे बदलायला धबधब्यापाशी काही सोय नाही, मोठी ओढणी किंवा टॉवेलचा पोंचो आणा. बाथरूमचं देवळाजवळच आटोपून निघा. रिक्षावाल्याचा नंबर आणि गाडीचा फोटो घरी पाठवून ठेवा. आणि त्रास देणारं टोळकं दिसलं तर वाद न घालता तिथून निघून देवळाकडे या, तिथे दुकानवाल्या मावश्या असतात, त्यांच्यापाशी बसा.

ड्रोन, स्पीकर, रील?

ड्रोन परवानगीशिवाय नाही. स्पीकर अजिबात नाही. रील काढा, कोण अडवतंय, फक्त कड्याच्या टोकावर पाठ करून उभं राहून नाही.

धबधबा बघून वेळ उरला तर?

पाटणादेवीजवळचं पाटण हे गाव साधं समजू नका. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता, तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखच आहे इथला. चांगदेव यादवांच्या दरबारात ज्योतिषी होता. शून्य, वर्तुळ, ग्रहांची गणितं या डोंगराखाली शिकवली जात होती आणि आपण तिथे जाऊन माकडांसोबत सेल्फी काढतो.

मागे कन्हेरगड आहे, त्याच डोंगरात नागार्जुन लेणी, सीतेची न्हाणी अशी कोरीव कामं आहेत. पितळखोरे लेणी इसवी सनापूर्वीची, अजिंठ्यातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या काळातली. पण धबधबा आणि पितळखोरे एकाच दिवशी पायी करू नका, भर पावसात तर नाहीच. लेणी बघायला वेगळ्या दिवशी कन्नडच्या बाजूने गाडीने या, पायऱ्या उतरून जाता येतं.

चालताना झाडं पण बघा की. साग सगळे ओळखतात. अंजन बघा, त्याचं पान जोडीचं असतं, आपट्यासारखं. सालईची साल कागदासारखी सुटते. नाल्याकाठी गुळगुळीत पांढरट बुंध्याचा अर्जुन असतो.

गेलो आणि पाणीच नसलं तर?

होतं असं, ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की हमखास. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पाटणच्या किंवा चाळीसगावच्या ओळखीच्या माणसाला फोन करा, देवळाजवळच्या दुकानदाराचा नंबर एकदा घेऊन ठेवला की दरवर्षी कामाला येतो. त्याला "धबधबा चालू आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणणारच, त्याचं गिऱ्हाईक आहात तुम्ही. "नाल्याला पाणी किती आहे, गुडघ्याला लागतं का" असं विचारा, म्हणजे खरं उत्तर येतं.